सगळ्यांना आठ-आठ मिनिटे, हा न्याय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी बहुसांस्कृतिक कला महोत्सव भरवावेत की नाही, हा या पत्राचा विषय नाही. भरवावेतच. आमची तक्रार आहे ती कार्यक्रमपत्रिकेबद्दल. शहरात जितके समाज तितके गट, प्रत्येक गटाला आठ मिनिटे, सगळ्यांना मिळून एकच भव्य रंगमंच, शेवटी सामूहिक आविष्कार आणि प्रमाणपत्रवाटप. हा साचा इतका रूढ झाला आहे की बहुसांस्कृतिक महोत्सव म्हणजे हाच, असे आता आयोजकांनाही वाटते. कुणी नाराज होऊ नये म्हणून तो निघाला आणि जिच्या नावाने महोत्सव भरतो त्या कलेचेच त्याने वाटोळे केले. विंगेत आणि ध्वनीच्या मिक्सरमागे उभे राहणाऱ्यांना हे रोज दिसते, म्हणून हे पत्र.

आधी साधा हिशेब. १८ गट, प्रत्येकी ८ मिनिटे, म्हणजे १४४ मिनिटे. अडीच तासांत कार्यक्रम आटोपतो, असे कागदावर दिसते. दोन गटांमधला वेळ मात्र कागदावर नसतो. ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचणारा गट दीड-दोन मिनिटांत जागा घेतो. पाच वादक प्रत्यक्ष वाजवणार असतील, तर आधीच्या गटाचे सामान उचलायला २ मिनिटे, नवे मांडायला २ ते ३, माईक लावायला ३ आणि प्रत्येक माईक मिक्सरपर्यंत नीट पोचतोय ना हे तपासायला ३ ते ४. दहा-बारा मिनिटांच्या आत हे होत नाही, कितीही घाई करा. सरासरी ७ मिनिटे धरली तरी १७ वेळा मिळून ११९ मिनिटे झाली. अडीच तासांचा कार्यक्रम ४ तास २३ मिनिटांवर गेला, आणि उद्घाटनाचे नमनाला घडाभर तेल अजून जळायचेच आहे.

मग रात्री नऊच्या सुमारास निवेदकाच्या कानात सांगितले जाते, ‘आता चार-चार मिनिटंच.’ ही कात्री शेवटच्या पाच-सहा गटांवर चालते. शेवटी असतात कोण? ज्यांची वस्ती लहान, ज्यांचा कुणी नगरसेवक नाही, ‘आमचा नंबर वर घ्या’ म्हणून फोन करणारे ज्यांच्याकडे कुणी नाही, ते. समान वाटपाच्या नावाखाली असमान वाटप होते ते असे.

दुसरा परिणाम सावकाश होतो, पण जास्त खोल असतो. प्रत्यक्ष वादनाने वेळ खाल्ला जातो हे आयोजकांच्या लक्षात येते आणि पुढच्या वर्षी निरोप जातो, ‘ट्रॅक आणा, सोपं पडतं.’ दोन-तीन वर्षांत वादक घरी बसतात, गट पेनड्राइव्ह घेऊन येऊ लागतात. ज्या समाजाचे वाद्य ऐकवण्यासाठी म्हणून पैसा खर्च करायचा, त्या समाजाचे वाद्यच रंगमंचावरून गेलेले असते.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांत उभे राहिले की कळते. आठ मिनिटांच्या गटाला टाळ्या वाजवायला त्याचेच नातेवाईक येतात, फोनवर चित्रण करतात आणि आपला गट उतरला की निघतात. खुर्च्या दिवसभर भरलेल्या दिसतात, पण त्यातली माणसे दर वीस मिनिटांनी बदललेली असतात. एका समाजाने दुसऱ्याची कला पाहावी हा सगळ्या खटाटोपाचा हेतू. नेमके तेवढेच घडत नाही. उपस्थितीचे आकडे मोजणाऱ्या अहवालात हे कधीच येत नाही. ते कळायला हवे असेल तर फाटकावरच्या मोजणीवर थांबू नये. कार्यक्रम बदलताना किती जण उठले आणि किती बसून राहिले, हे दोन स्वयंसेवकांनी मोजावे. ही मोजणी फुकटात होते.

उपाय अवघड नाहीत. एका संध्याकाळी सहा-सातच गट, प्रत्येकाला २० ते २५ मिनिटे. बाकीचे दुसऱ्या संध्याकाळी किंवा पुढच्या वर्षी, आणि हा फिरता क्रम आधीच जाहीर. ज्याला यंदा संधी नाही त्याला पुढच्या वर्षीचे लेखी पत्र दिले की नाराजी निम्मी होते. रंगमंच १२ मीटर रुंद आणि किमान १० मीटर खोल असेल तर मधोमध पडदा सोडून पुढच्या भागात नाच आणि मागच्या भागात त्यानंतरच्या गटाच्या वादकांची मांडणी एकाच वेळी होते. वाद्यांची बैठक चाकांच्या लेव्हलवर (बुटक्या चौथऱ्यावर) विंगेत आधीच मांडून आत ढकलली तर आणखी चार-पाच मिनिटे वाचतात. आणि ज्या गटाने सादरीकरण केले, त्याच गटाची तासाभराने २०-२५ जणांसाठी बाजूच्या मांडवात कार्यशाळा ठेवा. वाद्य हातात घेऊन पाहायला माणसे थांबतात. भाषण ऐकायला थांबत नाहीत.

पण वेळेचा प्रश्न सुटला तरी खरे घोडे अडते ते जागेपाशी. प्रत्येक कलेला उंच, चौकोनी, एका बाजूने उघडा रंगमंच लागतोच, हे गृहीतकच चूक आहे. ब्राझीलमधला कापोएरा हा नाच आणि झुंज यांचा मेळ असलेला प्रकार वर्तुळात होतो. भोवतीची माणसे गातात, टाळ्यांनी लय धरतात, त्यांच्यातलेच दोघे आत उतरतात. तो रंगमंचावर चढवला की अर्धे वर्तुळ प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहते किंवा वर्तुळ मोडून रांग करावी लागते. रांग केली की उरतात नुसत्या कसरती. अशा कलांना सपाट जमीन हवी. मध्ये १० मीटर व्यासाची मोकळी जागा, पहिली ओळ जमिनीवर बसलेली, दुसरी बाकांवर, तिसरी-चौथी उभी, आणि ये-जा करायला दोन मीटरच्या दोन वाटा. एवढ्यात पावणेतीनशे ते तीनशे माणसे अगदी जवळून पाहू शकतात, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय.

बाहुल्यांचा खेळ आणि कथाकथन यांचे गणित उलटे. बाहुलीचा चेहरा १२-१५ मीटरपलीकडे दिसत नाही. शंभर-दीडशे माणसे, आवाजापासून दूरची बंद जागा आणि दिवसातून तीन खेळ, ही त्यांची गरज. पाच हजारांसमोर एकदा दाखवण्यापेक्षा दीडशेंना तीनदा दाखवलेले चांगले. मोठ्या पडद्यावर बाहुली दाखवायची असेल तर खेळ प्रत्यक्ष ठेवायचे कारण काय, हे आयोजकांनी स्वतःलाच विचारावे.

कॅनडात विनिपेग शहरात १९७० पासून होणारा फोक्लोरामा या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तिथे सगळ्यांना एका मैदानात कोंबत नाहीत. शहरभर वेगवेगळ्या ठिकाणी एकेका समाजाचे दालन असते, तिथले यजमान तेच, कार्यक्रम ठरवणारे तेच. प्रेक्षक या दालनातून त्या दालनात फिरतात. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या दारात जाणे आणि खुर्चीत बसून दुसऱ्याचा ‘नंबर’ पाहणे, यात फरक आहे. आपल्याकडे शाळा, समाजमंदिरे, उद्याने स्थानिक संस्थेच्याच ताब्यात असतात. त्यामुळे असे काही करायला जागेसाठी बाहेरच्या कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.

आता फ्लोअरिंग. त्यावर महोत्सवाच्या बैठकीत कुणी चकार शब्द काढत नाही, आणि नर्तकांचे गुडघे त्यावरच अवलंबून असतात. रंगमंचावर लाल गालिचा अंथरला की छायाचित्र छान येते. कथक आणि स्पेनचा फ्लॅमेन्को नाच मात्र तिथेच संपतात. दोन्हींत पाय हेच वाद्य. गालिचा तो आवाज गिळतो आणि गिरकी घेताना तळव्याला अडकतो. त्यांना किंचित लवचीक, कडक लाकडी पृष्ठभाग हवा: किमान १८ मिलिमीटर प्लायवुड, खाली सर्वत्र आधार, सांध्यांवर चिकटपट्टी. दोन फळ्यांच्या पातळीत दोन मिलिमीटरचा फरक असला तरी अनवाणी अंगठा ठेचकाळतो. पायांचा आवाज हवा असेल तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला सपाट बसणारे, जमिनीलगतचे माईक ठेवावेत. काळ्या रंगाची फळी दुपारच्या उन्हात अनवाणी पायाला चटका देते, म्हणून अनवाणी नाच सूर्य कलल्यावरच. प्रत्येक नाचाआधी ओला पोछा आणि टाचण्यांची तपासणी. आणि वीस जण एका तालावर एकदम उड्या मारणार असतील तर नुसत्या वजनाचा हिशेब पुरत नाही. रंगमंच प्रति चौरस मीटर किती भार पेलतो आणि तालबद्ध उड्यांना चालतो का, हे मंडपवाल्याकडून लेखी घ्यावे.

ध्वनीबद्दल तर वेगळी पुरवणीच काढावी लागेल. एकाच मांडणीवर सगळी वाद्ये वाजवायची म्हणजे जेंबे या आफ्रिकी ढोलानंतर ऊद हे अरबी तंतुवाद्य येणार. जेंबेचा आवाज माईकशिवाय चौकभर पोचतो. ऊदचा आवाज हळुवार. तो ऐकू यावा म्हणून माईक वाढवला की वादकाला स्वतःचे ऐकू यावे म्हणून समोर ठेवलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचा, आवाज परत त्याच माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. मग साउंडवाला घाबरून सगळेच खाली घेतो आणि ऊदवादक मूकपणे बोटे हलवताना दिसतो. इलाज असा: वाद्यावरच चिमट्याने बसणारा छोटा माईक, अंतर १० ते १५ सेंटिमीटर, मॉनिटर कमीत कमी, मुख्य स्पीकर माईकच्या रेषेच्या पुढे, १०० हर्ट्झखालचा खर्जाचा भाग कापलेला, म्हणजे वाऱ्याची घरघर जाते, आणि माईकवर स्पंजची टोपी. क्रम लावताना हळुवार वाद्ये आधी, चामड्याची मोठी वाद्ये नंतर. एकदा कान मोठ्या आवाजाला सरावले की मागून आलेला ऊद कुणालाच लागत नाही.

दोन रंगमंच ठेवले तर आवाज एकमेकांत मिसळतो. त्यावर ‘जरा लांब ठेवा’ हा नेहमीचा सल्ला फारसा उपयोगी नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तर आवाज फक्त ६ डेसिबलने उतरतो. २० मीटरवरचा रंगमंच ४० मीटरवर नेऊन कथाकथन वाचत नाही. मोठ्या बेसपेट्यांचा आवाज तर चारही दिशांना जातो, तोंड कुठेही फिरवा. रंगमंच एकाआड एक चालवणे हाच खात्रीचा मार्ग. मागच्या प्रेक्षकांसाठी मैदानात मध्येच स्पीकर लावले असतील तर त्यांना विलंब द्यायला हवा: २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ४० मीटरवरच्या स्पीकरला ११७ मिलिसेकंद आणि वर आणखी दहाएक. तो नसेल तर मागे बसलेल्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो, आणि ते बिचारे ‘ताल चुकतोय’ म्हणून कलाकारालाच नावे ठेवतात.

चामडी वाद्यांचे आणखी एक. हवेत दमटपणा वाढला, संध्याकाळी दव पडू लागले की कातडे सैल पडते आणि सूर उतरतो. कोरड्या गरम हवेत किंवा जुन्या हॅलोजन दिव्यांखाली ते ताणते, चढते, कधी फाटते. वातानुकूलित खोलीतून काढून तबला थेट गरम रंगमंचावर नेला तर पहिल्या दहा मिनिटांत तो सुरात राहत नाही. म्हणून वाद्ये किमान अर्धा तास आधी रंगमंचालगतच्या, पण आवाजापासून आडोशाच्या जागेत आणून ठेवावीत, आणि सूर लावायला शांत कोपरा द्यावा. स्पीकरच्या मागे उभे राहून तबला लावता येत नाही. ‘अहो, लवकर करा’ म्हणून पाठीशी उभा राहणारा स्वयंसेवक तर मुळीच नको.

शेवटच्या सामूहिक आविष्काराचे काय? सगळे समाज एकत्र वाजवताहेत हे दृश्य पाहुण्यांना आवडते, म्हणून एका दुपारच्या तालमीवर तो उरकला जातो. जावा-बालीच्या गामेलान या वाद्यवृंदाचा प्रत्येक संच स्वतःपुरता सुरात बांधलेला असतो. धातूच्या पट्ट्या आणि घंटा ऐनवेळी कीबोर्डच्या पट्टीत आणता येत नाहीत. कुणाचे आवर्तन १६ मात्रांचे, कुणाचे ७ चे, कुणाला ठरावीक आवर्तनच नाही. परिणामी सगळ्यांत सोपी असलेली चार ठोक्यांची लय आणि कीबोर्डचा सूर जिंकतो, बाकीचे शोभेला. असे करायचेच असेल तर दोनच गट निवडा, तीन पूर्ण दिवसांची तालीम ठेवा, तालमीचेही मानधन द्या आणि शक्यतो तालवाद्यांपुरते मर्यादित ठेवा. अठरा गटांचा जमाव एकत्र वाजवू शकत नाही, तो फक्त एकत्र उभा राहू शकतो.

परक्या भाषेतले सादरीकरण समजावे म्हणून निवेदकाकडून ‘आता सादर होत आहे एक रंगतदार लोकनृत्य’ एवढेच मिळते. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या हिरवळीवर १९६७ पासून होणाऱ्या, स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या लोकजीवन महोत्सवात त्या परंपरेचे जाणकार प्रेक्षक आणि कलाकार यांच्यात दुवा म्हणून बसवलेले असतात, आणि गप्पांसाठी वेगळे मंचही असतात. आपल्याला दोन मिनिटांची नेमकी ओळख पुरे: हे कोण गाते, केव्हा गाते, ऐकताना कशाकडे लक्ष द्यायचे. पडद्यावर अनुवाद दाखवायचा तर एका वेळी दोन ओळी, आणि त्या पुढे सरकवायला रचना पाठ असलेला माणूस. अंधार पडण्याआधी साध्या पडद्यावर काहीही वाचता येत नाही, तेव्हा छापील सारांश वाटावा. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यावर स्वतंत्र दिवा हवा. रंगमंचावर अंधार झाला की तोही अंधारात जातो, आणि मग त्याला बोलावून उपयोग काय?

गटांकडून तांत्रिक माहिती मागवणारा अर्ज बहुतेक ठिकाणी असतो, पण तो भरून येत नाही. छोट्या गटांना रंगमंचाचा आराखडा आणि माईकची यादी काढता येईल अशी अपेक्षाच ठेवू नये. एका तंत्रज्ञाने प्रत्येक गटाला सहा आठवडे आधी फोन करावा आणि विचारावे: माणसे किती, बसून की उभी, कोणती वाद्ये, नाचताना गातात का, पायात काय, आग-पाणी-धूळ यांचा वापर आहे का, वाजवण्याआधी काही विधी आहे का, चित्रण चालेल का. शेवटचा प्रश्न औपचारिक नाही. काही विधिगायन समाजाबाहेर प्रसारित करायचे नसते, काही मुखवट्यांचे छायाचित्र घ्यायचे नसते. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या युनेस्कोच्या २००३ च्या करारातही, वारसा लोकांपर्यंत पोचवताना त्यातल्या कोणत्या भागापर्यंत कुणी पोचावे याचे समाजाचे रूढ संकेत पाळावेत, असे म्हटले आहे. थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा मात्र सरसकट सुरू असतो. तारखेचेही तसेच: रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, इतरही अनेक सण चांद्र गणनेवर असतात. सहा महिने आधी सगळ्या पंचांगांवर नजर टाकली तर एखादा अख्खा समाज उपवासाच्या संध्याकाळी रंगमंचावर येण्याची वेळ टळते.

सुरक्षेबाबत थोडक्यात. स्टेज, स्टॉल आणि जिथून काही दिसत नाही ते कोपरे वजा करून उरलेल्या जागेवर चौरस मीटरला २ माणसे, फार तर ४. त्यापुढे गर्दी स्वतःच्या ताब्यात राहत नाही. सपाट वाटेवरून एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे, हा जास्तीत जास्त वेग धरतात. ६,००० लोक आठ मिनिटांत बाहेर काढायचे तर सव्वानऊ मीटर रुंदीची फाटके लागतात, आणि एक बंद पडेल असे धरून आणखी एक. येण्याची आणि जाण्याची वाट एकच ठेवल्याने काय होते ते २०१० मध्ये जर्मनीत ड्यूसबर्गला लव्ह परेड या संगीत महोत्सवात दिसले. चेंगराचेंगरीत २१ जण गेले. स्टेजच्या मागचा अखंड फ्लेक्स वाऱ्यात शिडासारखा फुगून छत ओढतो, तिथे जाळीचाच फलक लावावा. ध्वनी आणि दिवे यांची वीज वेगळी, स्टॉलच्या शेगड्या तिसऱ्याच जोडणीवर. एका जनरेटरवर सगळे घातले की शेगडी पेटते आणि गाणे बंद पडते. उताराचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको, प्रेक्षकांच्या बाजूला आणि रंगमंचाकडेही. चाकाच्या खुर्चीत कलाकारही असतात.

आणि पैसा. महोत्सवाचे सगळे काम एकाच निविदेत सर्वांत कमी दर देणाऱ्या इव्हेंट कंपनीला दिले की कंपनीला काटकसर करायला एकच जागा उरते, कलाकार. मंडप, दिवे, आवाज यांना भाव असतो; कलाकाराला ‘व्यासपीठ मिळतंय ना’ असे ऐकवता येते. निविदा मंडप, वीज, ध्वनी, प्रकाश एवढ्यापुरतीच काढावी आणि कलाकारांशी सांस्कृतिक विभागाने थेट करार करावेत. एवढ्या माणसांना, एवढ्या वेळासाठी, एवढे मानधन हा दर सगळ्या समाजांना सारखा आणि जाहीर असावा. इथे मात्र समानता हवी, घड्याळात नव्हे. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, कारण प्रवास आणि वाद्यांची वाहतूक कलाकार आधीच खिशातून करतो. ‘तीन वर्षांचे हिशेब, नोंदणी प्रमाणपत्र, गटाच्या नावाचे खाते’ या अटींनी नेमके हौशी आणि नवागत गट गळतात. त्यांच्यासाठी गटप्रमुखाच्या नावाने करार करण्याची सोय ठेवावी. निवडही दरवर्षी समाजाच्या त्याच एका अध्यक्षांना फोन करून नको. खुले आवाहन, अनेक भाषांत, आवाजी अर्जही स्वीकारून, आणि कला कळणारे, दरवर्षी बदलणारे निवडकर्ते. अध्यक्षांच्या यादीत तरुण मुली आणि समाजातलाच धाकटा पंथ सहसा नसतो.

येत्या अर्थसंकल्पात अशा महोत्सवांच्या तरतुदीवर चर्चा होईल तेव्हा सदस्यांनी प्रशासनाकडे तीन कागद मागावेत: गेल्या महोत्सवाची मिनिटांनुसार प्रत्यक्ष वेळनोंद, प्रत्येक गटाला दिलेले मानधन आणि ते मिळाल्याची तारीख, आणि मंडप-सजावटीवरच्या खर्चाशी त्या मानधनाचे प्रमाण. पहिला कागद बहुधा तयारच नसेल. तो ठेवायला विंगेत घड्याळ आणि वही घेऊन बसलेला एक माणूस पुरतो.

आपले,
रंगमंच व्यवस्थापन आणि ध्वनिसंयोजन क्षेत्रातील काही व्यावसायिक